चौदावा रकाना

तीनशे अकरा माणसं आम्ही दोघांनी मिळून दोन दुपारांत तयार केली, मी आणि मास्तरांनी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी साळसूदपणे विचारायला नको की तुम्हाला काहीच कसं माहीत नव्हतं. माहीत होतं. अर्ध्या फॉर्मांवर अक्षर माझं आहे.

मी रेल्वेच्या विस्तार प्रकल्पात, मोजणी विभागात आहे. लोक कुठून कुठे जातात, किती वाजता जातात, कशाला जातात, हे दारोदार जाऊन विचारायचं, फॉर्म भरायचा आणि आकडे वर पाठवायचे, हे माझं काम. त्या वेळी उपनगरी गाडी आमच्या अलीकडच्या वस्तीपर्यंत यायची आणि तिथूनच मागे फिरायची. पुढचे सहा किलोमीटर आम्ही बसला लोंबकळत जायचो. तेवढे रूळ टाकून आमच्या वस्तीत शेवटचं स्टेशन करायचं, असा प्रस्ताव होता. अर्थ खात्याची अट एकच: नव्या स्टेशनावरून रोज सकाळी पाच हजार माणसं चढणार असतील तर निधी मिळेल, नाहीतर गाडी आहे तिथूनच मागे फिरेल.

आम्ही सहा आठवडे चपला झिजवल्या. भरले चार हजार सहाशे एकोणनव्वद.

साहेबांनी आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पाहणी अपुरी झालेली दिसते," ते म्हणाले. "राहिलेली घरं करून घ्या. परवापर्यंत."

राहिलेलं घर एकही नव्हतं, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि मास्तरांनाही. मास्तर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे. आधी शाळेत शिकवायचे, म्हणून हे नाव पडलं. त्यांना चार तऱ्हेची अक्षरं काढता यायची. आम्ही दार लोटून घेतलं आणि बसलो.

माणूस तयार करणं तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही हं. फॉर्मला चौदा रकाने. वय, व्यवसाय, पत्ता, कोणाबरोबर राहता, कुठे जाता, कशासाठी, किती वाजता निघता, किती वेळा, सोबत सामान काय, वगैरे वगैरे. पत्त्यांसाठी आम्ही कालव्याकडच्या गल्लीतले नंबर घेतले. गल्लीत चाळीसच घरं होती, आम्ही एक्केचाळीसपासून पुढे सुरू केलं. शंभरेक झाल्यावर कंटाळा आला, मग आम्ही मजा करू लागलो. मी एक घड्याळजी केला, वय अडतीस, सामान: भिंतीवरचं घड्याळ. मास्तरांनी एक बाई केली, वय एकोणतीस, सामान: रिकामा पिंजरा. "पक्षी कुठे गेला हो मास्तर?" मी विचारलं. "तो रकाना नाही," ते म्हणाले. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

चौदावा रकाना होता परतीच्या वेळेचा. तो आम्ही कोणाचाच भरला नाही. अट सकाळच्या चढणाऱ्यांची, तपासणारे तेराच्या पुढे बघत नाहीत, आणि तीनशे अकरा वेळा एक रकाना वाचला तर माणूस अर्धा तास आधी घरी जातो. मला घरी जायची घाई होती. आईंचा गुडघा दुखत होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. नवरा गेला त्याला आता सतरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या घरात आम्ही दोघीच, एकमेकींच्या डोक्यावर मिरे वाटायला. भाजी चिरण्यावरून भांडतो, खिडकी उघडी की बंद यावरून भांडतो. मी अंबाड्यात पेन खोचते आणि विसरते, त्यावरून तर रोज. "डोक्यात पेन आहे, पण डोकं कुठे आहे?" असं त्या विचारायच्या. तरी मला ताप आला की रात्रभर उशाशी बसायच्या आणि सकाळी सांगायच्या की मला झोपच येत नव्हती, म्हणून बसले. मला त्यांच्यावाचून करमत नाही, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनी खूप भाव खाल्ला असता.

त्यांची धाकटी बहीण, आमच्या मावशी, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात आणि अंथरुणाला खिळून आहेत. तिथे जायचं तर तीन बस, सव्वादोन तास आणि दोनदा जिना. आईंना ते जमेनासं झालं होतं. "गाडी झाली की जाईन. सरळ बसायचं, सरळ उतरायचं," असं त्या रोज म्हणत. लोकरीचे मोजे विणून ठेवले होते, मावशींचे पाय गार पडतात म्हणून.

तर, तीनशे दहा झाले आणि आमची डोकी चालेनात. एकच हवा होता. मास्तर म्हणाले, "घरातलं कोणीतरी घाला की." मी आईंना घातलं. वय चौऱ्याहत्तर. व्यवसाय नाही. कोणाबरोबर राहता: सुनेबरोबर. कुठे: शेवटच्या टोकाला, बहिणीकडे. निघण्याची वेळ: आठ बावन्न. किती वेळा: रोज. सामान: कापडी पिशवी, लोकरीचे मोजे. चौदावा रकाना रिकामा. पाच हजार पूर्ण झाले. मी उठले, पेन अंबाड्यात खोचलं आणि बस पकडली.

मंजुरी आली. निधी दोन हप्त्यांत मिळणार होता: पहिला कामासाठी लगेच, दुसरा गाडी सुरू झाल्यावर सलग तीस दिवस पाच हजार भरले तर. मंजुरीचं पत्र मी घरी वाचून दाखवलं तेव्हा आईंनी ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत तुझ्या हातून एक काम धड झालं बघ."

रूळ टाकायला पाच वर्षं लागली. मास्तर तोवर निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले. आई एकोणऐंशीच्या झाल्या आणि वय कोणी एका वर्षाने जरी कमी सांगितलं तरी चिडायच्या. कष्टाने काढलेली वर्षं आहेत, म्हणायच्या. गाडी सुरू झाली त्या आठवड्यात नेमका त्यांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी तीन आठवडे घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं. काय चिडल्या होत्या! जणू मीच डॉक्टरांना पढवलं होतं.

आणि ऑफिसात वेगळंच नाटक सुरू झालं.

स्टेशनाच्या गेटवर मोजणी यंत्र आहे. पहिल्या दिवशी सकाळचा आकडा आला चार हजार नऊशे नव्व्याण्णव. साहेब म्हणाले, "वा, फक्त एकच कमी!" दुसऱ्या दिवशी चार हजार नऊशे नव्व्याण्णव. तिसऱ्या दिवशी तेच. अहो, माणसं म्हणजे काही विटा नाहीत. कोणी आजारी पडतं, कोणाला उशीर होतो, कोणाकडे पाहुणे येतात. वीस वर्षं माणसं मोजतेय मी, लागोपाठ दोन दिवस एकच आकडा कधी पाहिला नाही. साहेबांनी शिपायाला पाठवलं, म्हणाले, "गेटातून जा, चढ, पुढच्या स्टेशनावर उतर. आकडा झाला पाहिजे." शिपाई गेला, चढला, उतरला. आकडा चार हजार नऊशे नव्व्याण्णव. मग मी संध्याकाळचा कागद मागवला, आमच्या स्टेशनावर उतरून बाहेर पडणाऱ्यांचा. रोज चार हजार सहाशे एकोणनव्वद.

तो आकडा मी ओळखला. स्वतःचं अक्षर ओळखावं तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी प्लॅटफॉर्मवर जाऊन उभी राहिले. स्वच्छ ऊन होतं. नेहमीची माणसं होती, डबे, पिशव्या, जांभया. आणि त्यांच्या मधेमधे काही माणसं अशी होती जी कोणाशी बोलत नव्हती, मोबाईल बघत नव्हती, घाम पुसत नव्हती. नुसती उभी. आठ बावन्नच्या गाडीच्या दिशेने तोंड करून. एका बाईच्या हातात पिंजरा होता. रिकामा.

कामाची सवय वाईट असते. मी पिशवीतून कोरा फॉर्म काढला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं घड्याळ काखेत धरून उभ्या असलेल्या माणसासमोर गेले.

"पाहणी आहे. दोन मिनिटं देता?"

"विचारा ना," तो म्हणाला. आवाज चांगला होता.

"वय?"

"अडतीस."

"व्यवसाय?"

"घड्याळं दुरुस्त करतो."

"पत्ता?"

"कालव्याची गल्ली, सत्तेचाळीस."

मी एकेक विचारत गेले, तो एकेक सांगत गेला. पाच वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं तेच, त्याच क्रमाने, शब्दसुद्धा तेच. मग मी विचारलं, "परत किती वाजता येता?"

तो गप्प झाला. विचार करतोय असंही नाही. चेहरा होता तसाच राहिला, डोळे माझ्याकडेच. मी पुन्हा विचारलं. त्याने घड्याळ एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि म्हणाला, "वय अडतीस. घड्याळं दुरुस्त करतो." पुन्हा पहिल्यापासून. तेराव्याला येऊन पुन्हा थांबला. तेवढ्यात गाडी आली आणि ते सगळे चढले.

मी तिथून सरळ कालव्याच्या गल्लीत गेले. चाळीस नंबरचं घर होतं, त्यापुढे कमरेएवढं गवत. पण त्या गवतात एक पायवाट होती. चांगली रुळलेली, पुष्कळ पायांनी रोज तुडवलेली. ती गवताच्या मध्यावर, जिथे काहीच नव्हतं, तिथे सुरू व्हायची आणि थेट स्टेशनकडे जायची. वाटेवरची सगळी पावलं एकाच दिशेची होती.

घरी येईपर्यंत माझा हिशोब झाला होता. बनवलेले तीनशे अकरा. चढणारे तीनशे दहा. जो एक कमी पडत होता तो घरात बसून गुडघ्याला शेक घेत होता.

"बरं झालं लवकर आलीस," आई म्हणाल्या. "सूज उतरली. गुरुवारी मी जाणार मावशीकडे."

"नाही जायचं."

"का?"

आता काय सांगणार? "गर्दी असते," मी म्हटलं. "आणखी थोडे दिवस थांबा. मी रजा काढते, टॅक्सीने जाऊ."

"पाच वर्षं थांबले ती टॅक्सीने जायला? सूनबाई, डोकं ठिकाणावर आहे का?"

"अहो आई, ऐका ना माझं. एवढं एक ऐका."

"मावशी काल फोनवर रडत होती," त्या म्हणाल्या आणि लोकरीचा गुंडा उचलून आत निघून गेल्या. चिडल्या की त्या विणायला बसायच्या.

गुरुवारी सकाळी मी त्यांच्या पर्समधून गाडीचा पास काढून माझ्या पर्समध्ये टाकला, दाराला बाहेरून कडी लावावी का असा विचार केला, लाज वाटली, आणि अर्थ खात्याच्या कचेरीत गेले. मंजुरीच्या फाइलबरोबर आमचे सगळे फॉर्म तिथे जमा होते. तिथल्या रेकॉर्डवाल्या बाई शिस्तीच्या. पिशवी बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, फोन आवाज बंद करून. भिंतीवर हातभर मोठी पाटी: शाईचं पेन आत नेऊ नये, टिपणं फक्त पेन्सिलीने करावीत. त्यांनी मला दोरीला बांधलेली पेन्सिल दिली आणि गठ्ठे आणून टेबलावर ठेवले.

मी गठ्ठा सोडत होते तेवढ्यात फोन थरथरला. साहेब होते. आवाजात नुसता आनंद.

"अहो, झाले! पाच हजार! आज एकही कमी नाही! मी सांगत होतो ना, थोडा धीर धरा म्हणून?"

मी घरी फोन लावला. वाजत राहिला. शेजारच्या वहिनींना लावला. "त्या गेल्या की मघाशी," वहिनी म्हणाल्या. "पास सापडत नव्हता म्हणून तिकीट काढते म्हणाल्या. कापडी पिशवी घेऊन छान चालत गेल्या हो, तुम्ही उगाच काळजी करता."

गठ्ठ्याची गाठ सुटेना, मी दोरा ओरबाडून काढला. शेवटी तो फॉर्म सापडला, अगदी तळाशी. वय चौऱ्याहत्तर. सुनेबरोबर. बहिणीकडे. आणि शेवटी तो चौकोन, पांढरा स्वच्छ.

आता नीट ऐका, कारण यासाठीच मी हे सगळं सांगतेय. पेन माझ्याकडे होतं. अंबाड्यात. बाईंनी पिशवी तपासली होती, डोकं नाही. हात वर करायचा अवकाश होता. मी हात वर नेलासुद्धा. पण समोर पाटी होती, बाई बघत होत्या, आणि वीस वर्षांची नोकरी. मी पेन्सिल उचलली आणि चौदाव्या रकान्यात लिहिलं: संध्याकाळी सहा दहा.

बाकीचे तीनशे दहा फॉर्म समोरच पडले होते. घड्याळजीचा सगळ्यात वर होता. ती सगळी दुपार माझी होती, बाई जेवायला गेल्या, तासभर कोणी आत डोकावलं नाही. मी मात्र गठ्ठा बांधून परत दिला आणि स्टेशनवर पळाले. मला माझं माणूस हवं होतं. इतरांचा विचार मनात आला आणि मी तो हाकलला, हे खोटं कशाला सांगू?

सहा दहाची गाडी आली. लोक उतरले, गेटातून गेले, पांगले. सगळ्यात शेवटी, कठड्याला धरून, आई. मी तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांच्या गळ्यात पडून रडले.

"अगं, काय झालं? कोण गेलं?" त्या घाबरून म्हणाल्या. मग, "सोड, लोक बघतात. आणि माझा पास दे."

रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा मी विचारलं, "मावशींना भेटलात का?"

"नाही गं." त्यांनी घास खाली ठेवला. "गाडी शेवटच्या स्टेशनाला पोचली, पण आमच्या डब्यातलं कोणी उठेचना. मलाही उठावंसं वाटेना. दारं लागली. मग गाडी कुठेतरी उभी राहिली, बाहेर नुसता पांढरा उजेड. भीती नाही वाटली. काहीच नाही वाटलं, हेच विचित्र. किती वेळ बसलो देव जाणे. मग एकदम माझा गुडघा दुखायला लागला आणि आठवलं की घरी जायचंय. शेजारी एक घड्याळवाला होता बिचारा, त्याने विचारलं, तुम्हाला परतीची वेळ कोणी दिली हो?"

"मग?"

"मी सांगितलं, आमची सून त्याच ऑफिसात आहे. ती तुमचंही बघेल. सगळ्यांनी ऐकलं. करशील ना गं?"

"बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला आई चपला घालून दारात उभ्या. "कालच जाऊन आलात ना?" मी म्हटलं. "रोज जायचंय," त्या म्हणाल्या, अगदी साधेपणाने. "तसं लिहिलंय ना." कोणी लिहिलंय, हे मी विचारलं नाही.

त्या दिवशी त्या मावशींकडे पोचल्या आणि सहा दहाला परत आल्या. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मावशी फोनवर कुरकुर करायच्या, "तुझी सासू रोज येऊन माझं डोकं खाते," आणि आवाजातून खूश असायच्या. मोजे रोज पिशवीत परत यायचे, नवे कोरे. मावशी सांगायच्या, आत्ताच तर पायांत घातले होते. मी मोज्यांकडे फार वेळ बघायची नाही. संध्याकाळचा आकडा आता चार हजार सहाशे नव्वद होता. सकाळी प्लॅटफॉर्मवर मी आईंना सोडायला जायची तेव्हा ती सगळी माणसं गाडीच्या दिशेने बघायची सोडून माझ्याकडे बघायची. रागाने नाही. खिडकीसमोर रांगेत उभं राहिलेला माणूस आतल्या कारकुनाकडे बघतो तसं. मी मान खाली घालायची.

जायचं होतंच मला. शपथेवर सांगते, जायचं होतं. पुन्हा फाइल बघायची तर साहेबांचं पत्र हवं, पत्रात कारण हवं. मग साहेब दौऱ्यावर, मग महिनाअखेर, मग बघू पुढच्या आठवड्यात. घरी येत होत्या ना आई? भांडत होत्या, विणत होत्या, खिडकी उघडत होत्या. पेन्सिलीचं काय, पेन्सिल वर्षानुवर्षं टिकते.

तिसावा दिवस भरला. त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले, पेढे वाटावेत तसा चेहरा करून.

"दुसरा हप्ता मंजूर! सकाळीच सही झाली. आणि काय सांगू, वरून एकही शंका आली नाही. फाइल सहीला जाण्याआधी त्या रेकॉर्डवाल्या बाईंनी सगळे फॉर्म एकेक करून साफ केले म्हणे. कुठे पेन्सिलीची खूण दिसली की खोडली. कामाला वाघ आहे बाई."

मी उठले आणि कशी धावले ते मला आठवत नाही. सहा वाजता गेटपाशी होते. फोन वाजला, मावशींचा. "आज आली नाही ती," मावशी म्हणाल्या. "बरी आहे ना?" सहा दहाची गाडी आली. लोक उतरले, गेटातून गेले, पांगले. कठडा रिकामा राहिला. मी पुढच्या गाडीची वाट पाहिली, मग त्याच्या पुढच्या. सकाळी आदल्या संध्याकाळचा आकडा पाहिला: चार हजार सहाशे एकोणनव्वद.

मी सगळं कबूल केलं, तोंडी आणि लेखी. साहेबांनी अर्ज वाचून माझी पंधरा दिवसांची रजा मंजूर केली. अर्थ खात्याने कळवलं की शेवटचा हप्ता गेल्यावर फाइलला मोहोर लागते, आता ती दहा वर्षं उघडत नाही. मला निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. तीनशे अकरा माणसं मी बिनदिक्कत तयार केली, सरकारला फसवताना माझा हात कापला नाही, आणि एका पाटीला घाबरून मी अंबाड्यातलं पेन काढलं नाही.

आता मी रोज पावणेनऊला प्लॅटफॉर्मवर असते. आई घड्याळवाल्याच्या शेजारी उभ्या असतात, पिशवी छातीशी धरून. पहिल्या दिवशी मी त्यांना हात धरून ओढलं. त्या हलल्या नाहीत, खांबाला ओढावं तसं झालं. हाका मारल्या, त्या नुसत्या बघत राहिल्या. मग मला सुचलं. मी फॉर्म काढला.

"पाहणी आहे. दोन मिनिटं देता?"

"विचारा ना," त्या म्हणाल्या. मला. अहो-जाहो करून. आयुष्यात कधी माझ्याशी इतकं गोड बोलल्या नव्हत्या.

"वय?"

"चौऱ्याहत्तर."

"एकोणऐंशी हो आई," मी रोज म्हणते. त्या चिडत नाहीत.

"कोणाबरोबर राहता?"

"सुनेबरोबर."

इथे मी जरा थांबते. पुन्हा विचारते. तेवढं एक उत्तर मी रोज दोनदा ऐकून घेते. मग पुढचे प्रश्न, कुठे, कशासाठी, किती वेळा. सोबत काय आहे विचारलं की त्या पिशवी उघडून लोकरीचे मोजे दाखवतात. तेरा प्रश्न मी अगदी सावकाश विचारते, ते आठ बावन्नपर्यंत पुरवायचे असतात. चौदावा विचारत नाही.